वाळुंब्याचं टेकाड, सुरिनामचा वर्ग

वाळुंबे, जिल्हा पुणे
१८ नोव्हेंबर १९७९

काका,
तुमच्या पाया पडते आणि पहिल्याच ओळीत माफी मागते.

तुमचं पत्र पुण्याच्या वसतिगृहावरून फिरत फिरत काल इथे पोचलं. त्यात तुम्ही विचारलंय, एम. ए.ला यंदा कुठले कवी लावलेत. वाचून मला जेवण गेलं नाही. काका, मराठीचा वर्ग मी मागच्या वर्षीच सोडला. मी पुरातत्त्व शिकतेय. शिष्यवृत्तीवाल्यांची परवानगी घेतली, तुमची घेतली नाही. तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

हे पत्र तंबूत बसून लिहितेय. नदीकाठी एक टेकाड आहे. त्याची माती राखेसारखी, म्हणून गावकरी त्याला पांढरी म्हणतात. तीन हजार वर्षांपूर्वी इथे लोक राहत होते. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, लिपी नव्हती. घरं कुडाची, गाडगी तांबडी, त्यांवर काळी नक्षी. खाली धरण बांधतायत. जूनमध्ये टेकाड पाण्यात जाणार, म्हणजे खणायला हा एकच हंगाम उरलाय.

मी मात्र अजून खणत नाही. आमचे प्रमुख ओगले सर मला पाहुणी समजतात. महिनाभर बादल्यांत खापरं धुतेय. बोटांची सालं निघाली. घरी सगळे बरे असतील. जमुनाला सांगा, तिची आठवण येते.

तुमची देवकी


सुरिनाम
मॉरिशस, ४ डिसेंबर १९७९

चि. देवकीस,
पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसून पाहिला, अक्षर तुझंच होतं.

तुझे आईबाप गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. आमच्या जमुनाच्या शेजारी बसवून तुला मी मुळाक्षरं शिकवली. दिवसा भाजीचे वाफे आणि संध्याकाळी बैठकेच्या पत्र्याच्या खोलीत मराठीचा वर्ग, असं बावीस वर्षं चाललंय. पगार नाही, मागितलाही नाही. आता कुठे सरकार आपल्या मुलांना शाळेत मराठी शिकवायला माणूस नेमणार आहे. क्युरपिपच्या कचेरीत मी चौदा वेळा गेलो. चौदा! साहेबांना सांगितलं, आमची मुलगी पुण्यात एम. ए. करते आहे, तिचं नाव लिहा. त्यांनी लिहिलं. मुलाखत ११ फेब्रुवारीला आहे. आणि तू म्हणतेस खापरं धुतेय.

खणायचंच होतं तर इथे जमीन थोडी होती काय? आपल्या माणसांनी शंभर वर्षं उसाच्या रानातले दगडच उपसले. त्यांच्या पोरीनं पुस्तक हातात घ्यावं म्हणून तुला विमानात बसवलं.

वर्गाला आता अकरा मुलं उरली. मी मराठीत विचारतो आणि ती म्हणतात, "मो पा कोने". मला ठाऊक नाही, हे सांगायलाही त्यांना क्रेओलच लागतं. माझं वय झालं. फेब्रुवारीच्या आधी ये. पुढचं समोरासमोर बोलू.

राधाकृष्ण काका


वाळुंबे
२९ डिसेंबर १९७९

काका,
इथल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्यात की मॉरिशसला मोठं वादळ झालं, आपलं सिक्लोन. कुठे, किती, काही नाही. तालुक्याच्या पोस्टात जाऊन फोन लागतो का पाहिलं. तिथला माणूस म्हणाला, "मॉरिशस? ते कुठल्या जिल्ह्यात?" चालत परत आले. तुम्ही सगळे कसे आहात, दोन शब्द तरी लगेच कळवा.

तुमचा राग मला कळतो. एकच गोष्ट सांगू द्या. आपल्या बेटावर चारशे वर्षांमागे माणूसच नव्हता. तिथे कितीही खोल खणलं, तरी आपल्या पणज्याच्या खाली कुणी सापडणार नाही. लहानपणी मी विचारायची, आपण बोटीत चढायच्या आधी कुठे होतो? तुम्ही म्हणायचात, "मुलखात." तो मुलूख मला हाताला लागायला हवा होता. वर्गात कविता वाचून लागला नाही. इथे लागतो.

आणि तरी मला खाली उतरू देत नाहीत. परवा मी सरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तू परत जाणार. तुझ्यावर हंगाम कशाला खर्च करू?" इकडे हे म्हणतात मी जाणार, तिकडे तुम्ही म्हणता ये. मला कुणी विचारतच नाही.

देवकी


सुरिनाम
१२ जानेवारी १९८०

देवकी,
आमी सगळे बरे आहोत. वादळ झालं. झाडं पडली. काळजी नको. मुलाखत ११ तारखेला आहे. तू ये. हात दुखतो म्हणून अक्षर बरं नाही.

काका


वाळुंबे
२६ जानेवारी १९८०

काका,
तुमचं पाच ओळींचं पत्र मिळालं. तुम्ही इतके रागावलात की मला पान भरूनही लिहीत नाही, हाताचं निमित्त करून अक्षरही मुद्दाम वाकडं काढलंत. ठीक आहे. मीही सरळच लिहिते. मी येत नाही.

सरांच्या एका विद्यार्थ्याला कावीळ झाली, तो घरी गेला आणि त्याचा खड्डा मला मिळाला. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद. माझ्याबरोबर गावातली गंगाबाई आहे. तिचा हात इतका हलका की मातीत मुंगीचं बीळही ती मोडत नाही. आम्हाला एका घराची जमीन लागली, चोपून सारवलेली. तिच्या खाली आणखी एक. तिच्याखाली आणखी. नदीचा पूर आला की ही माणसं गाळ सपाट करून त्याच जागी पुन्हा सारवायची.

मंगळवारी तिसऱ्या जमिनीखाली दोन रांजण लागले, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. मला वाटलं धान्याचे असतील. गंगाबाईनं ब्रश खाली ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "बाई, बाळ हाय." तान्हं मूल होतं. बोटभर हाडं, शेजारी एक वाटी. घराबाहेर नाही पुरलं, आई जिथे निजत असेल तिथेच जमिनीखाली ठेवलं. मी तिथून उठून नदीवर गेले आणि तोंड धुतलं.

मी आता निघाले तर हा खड्डा दुसऱ्याला जाईल आणि जूनमध्ये पाण्याला. मुलाखत पुन्हा होईल, काका. हे पुन्हा होणार नाही. तुम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण लांब पत्रात द्या.

देवकी


सुरिनाम
१० फेब्रुवारी १९८०

देवकी,
मी जमुना. माझी जोडाक्षरं चुकतील, तशीच वाच. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं बाबांना, कारण चश्मा फुटला. आधीचं पत्रही मीच लिहिलं होतं. ते वाकडं अक्षर माझं आहे. मुद्दाम काढलेलं नाही, माझं तसंच येतं.

सिक्लोनमध्ये बैठकेचं छप्पर उडालं. बाबा पुस्तकांची पेटी आणायला आत गेले. पत्रा आला आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. सतरा दिवस हॉस्पिटल. बोटं अजून मिटत नाहीत. मला म्हणाले, तिला काही लिहू नको, ती घाबरेल. चार पानं सांगितली तुला रागावून. मला एवढं लिहिता येत नाही, म्हणून पाच ओळी लिहिल्या. तू म्हणतेस मुद्दाम. आय्यो, देवकी.

बैठका नाही, तरी वर्ग चालू आहे. आमच्या स्वयंपाकघरात. सात मुलं येतात. शिकवतं कोण? मी. स्वेटरच्या कारखान्यातून साडेचारला सुटते, धावत येते, चूल पेटवते आणि शिकवते. बाबा खाटेवरून चुका काढतात. मुलांच्या नाही, माझ्या. "देवकी असती तर असं म्हणाली नसती." हे दिवसातून चार वेळा.

कचेरीत नाव तुझं, शिकवते मी. मी इथे आहे हे त्यांना दिसत नाही. तुलाही नाही. तुझ्या पत्रात माझ्यासाठी "आठवण येते" एवढंच असतं.

उद्या मुलाखत होती. ती पुढे ढकलली, १७ मार्चला. कचेरीचं छप्पर गळतं म्हणे. तू येणार नाहीस तर तसं बाबांना साफ सांग. वाट बघायला लावू नको. मला त्यांचं वाट बघणं रोज वाढून द्यावं लागतं.

जमुना


वाळुंबे
२३ फेब्रुवारी १९८०

काका,
जमुनानं सगळं लिहिलंय. तिला रागावू नका. हात कसा आहे? तुम्ही लपवलंत म्हणून मी रागावणार होते, पण मी वर्षभर लपवलं, माझ्याकडे तोंड नाही.

ही मुलाखत माझी नाही. मला मराठी साहित्यातली पदवी मिळणार नाही आणि मला शिकवता येत नाही. तुम्हाला आठवतं, तुम्ही तापात होता तेव्हा एकदा मी वर्ग घेतला आणि अर्ध्या तासात मुलांवर ओरडून घरी आले? जमुना थकून येऊन सात मुलांना बसवते, तीही क्रेओल बोलणारी, बिनबैठकेची. तुमच्या घरात शिक्षक आहे आणि तुम्ही पुण्याकडे बघत बसलात. १७ तारखेला तिला घेऊन जा.

आता माझं ऐका. पाचव्या जमिनीच्या कोपऱ्यात भाजलेल्या मातीचा एक खोलगट गोल लागला. मी वहीत लिहिलं, चूल. सरांनी खोडून लिहिलं, खड्डा. मी म्हटलं, राख आहे, कडा लाल भाजलेल्या आहेत. ते म्हणाले, "या काळातली चूल अशी नसते." गंगाबाई मागून म्हणाली, "अहो, माझीच अशी हाय." कुणी ऐकलं नाही. रोज रात्री वहीतलं ते खोडलेलं बघते आणि दात खाते.

देवकी


सुरिनाम
२० मार्च १९८०

चि. देवकीस,
हे माझ्याच हातचं आहे, डाव्या. एवढं लिहायला दोन दिवस लागले, तेव्हा जपून वाच.

तुझं पत्र जमुनानं वाचलं. "तुमच्या घरात शिक्षक आहे" इथपर्यंत आली आणि थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. ती म्हणाली, "पुढे चूल आहे." आणि उठून भांडी घासायला गेली. त्या दिवशी मी तिच्या चुका काढल्या नाहीत. कबूल करतो, तुझं पत्र ऐकून मला संताप आला होता. सकाळी उतरला.

१७ला आम्ही दोघं क्युरपिपला गेलो. पाऊस होताच. जमुनानं कारखान्यातून रजा घेतली, तुझी निळी साडी नेसली. बाहेर बसलेल्या कारकुनानं यादी पाहिली आणि म्हणाला, "नाव देवकी आहे. ही देवकी आहे?"
मी म्हणालो, "ही जमुना. देवकी येणार नाही. ही शिकवते."
"यादीत नाही."
"मग यादीत घाला."
"यादी बंद झाली, मिस्ये."
मी म्हणालो, "तुमची यादी सिक्लोनच्या आधी बंद झाली. माझा वर्ग सिक्लोनच्या नंतरही चालू आहे." आवाज चढला असावा, कारण आतला साहेब बाहेर आला. त्यानं आम्हाला आत घेतलं. तिघे बसले होते. तिघांपैकी एकालाही मराठी येत नव्हती! एकानं तिच्यासमोर पुस्तक सरकवलं आणि म्हणाला, वाच. तिनं वाचलं. त्यानं विचारलं, "बरोबर वाचलं का?" कुणाला, तर मला. बापाला! मी म्हणालो, "एक जोडाक्षर चुकलं." खरं ते सांगितलं. जमुना माझ्याकडे अशी बघत राहिली की काय सांगू.

मग ती आपणहून उठली. तिथल्या फळ्यावर तिनं "पाणी" लिहिलं आणि त्या तिघांना क्रेओलमधून समजावून मराठीत म्हणायला लावलं. साहेब "पानी, पानी" करत होता. ती म्हणाली, "जीभ मागे वळवा. पाणी." तीन वेळा म्हणायला लावलं. त्याला जमलं.

"कळवू," म्हणाले. बसमध्ये ती माझ्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसली.

राधाकृष्ण काका


वाळुंबे
१८ मे १९८०

जमुना,
हे पत्र तुला. काकांना वाचून दाखव, पण तुला आहे.

पाणी आलं. जूनमध्ये येणार होतं, धरणवाल्यांनी दरवाजे आधीच बंद केले. आम्हाला कुणी कळवलंही नाही. अकरा तारखेला सकाळी गंगाबाई धावत आली, म्हणाली, नदी चढतीय. पाऊस नाही, ढग नाही, आणि नदी चढतेय. आम्ही खापरांची पोती वर ओढली, दोरी आणि खुंट्या तशाच टाकल्या. दुपारी माझ्या खड्ड्यात घोटाभर पाणी होतं. कडा ढासळली आणि ते तांबडं, गढूळ झालं.

आम्ही एकाखाली एक अकरा जमिनी मोजल्या होत्या. खाली अजूनही भरावच होता. मूळ माती लागली नव्हती. किती होत्या, पहिलं घर कधी बांधलं, हे आता कधीच कळणार नाही. आणखी तीन आठवडे हवे होते. तीनच!

ओगले सर पोत्यावर बसून होते. मला म्हणाले, "ती चूलच होती. बाजूच्या खड्ड्यात तशीच दुसरी लागली काल. मी चुकलो." मी म्हटलं, "मग वहीत दुरुस्त करा." ते म्हणाले, "करतो, पण आता दाखवायला काय आहे?" इतके महिने मला हे ऐकायचं होतं आणि ऐकलं तेव्हा काही वाटलं नाही. नुसती चीड आली, सरांची नाही, कुणाची ते कळत नाही.

पुढे काय करू ठाऊक नाही. तुझ्या मुलाखतीचं काय झालं? फळ्याचं वाचून मी तंबूत एकटीच हसले.

देवकी


सुरिनाम
२ जून १९८०

देवकी,
कचेरीचं पत्र आलं. नेमणूक झाली. तुझी.

खरंच सांगते. टाइप केलेलं आहे: कुमारी देवकी, मराठी शिक्षिका, शाळा लॉंग माउंटन, २१ जुलैपासून. तू त्या खोलीत पाऊलही ठेवलं नाहीस. मी त्यांच्याकडून पाणी म्हणवून घेतलं आणि नोकरी तुला दिली. वर शाळा कुठे, तर लॉंग माउंटन, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. सुरिनामला कुणीच नाही.

बाबा कागद घेऊन दिवसभर बसले. मला वाटलं, आता म्हणतील तिला तार करा. संध्याकाळी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिला. तुझं टेकाड बुडालं, तुला काम नाही. हवी असेल तर घे. मी अडवणार नाही. पण मला गोड पत्र लिहू नको.

जमुना


पुणे
१७ जून १९८०

जमुना,
गोड लिहीत नाही. तुझं पत्र वाचून पहिला विचार आला तो हा, की घ्यावी. घरी यावं, पगार असावा, कुणी खोडणार नाही असं काहीतरी हातात असावं. एक रात्र मी तसंच धरून बसले. हे तुला कळायला हवं.

सोबत नकाराचा कागद आहे, सही करून. त्यात लिहिलंय की मी मुलाखत दिलेली नाही आणि ज्या उमेदवारानं दिली तिचं नाव जमुना. काकांना तो घेऊन पाठव. कारकुनाच्या हाती देऊ नये, साहेबाच्या हाती द्यावा.

मी इथेच थांबतेय. ओगले सरांनी सव्वीस पोती खापरं माझ्यावर सोपवली आहेत. दोन वर्षांचं काम आहे. अहवालावर माझं नाव लागेल असं म्हणतात. लागेल तेव्हा खरं.

देवकी


सुरिनाम
२८ जुलै १९८०

चि. देवकीस,
तुझा कागद घेऊन मी क्युरपिपला गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, पण भेटले नाहीत. तिथल्या जुलैच्या थंडीत बाकावर बसून माझं अंग आखडलं. कारकून म्हणाला, "मिस्ये, घरी जा, आम्ही पोस्टानं कळवू." मी म्हणालो, "पोस्टानं तुम्ही चुकीचं कळवता." तिसऱ्या दिवशी साहेबानं मला ओळखलं. म्हणाला, "पाणी!" आणि "णी" बरोबर म्हणाला. त्यानं कागद वाचला. नवीन पत्र टाइप करायला महिना लागेल म्हणाला. मी म्हणालो, पेननं लिहा. तुझ्या नावावर रेघ मारली, वर जमुनाचं लिहिलं, शिक्का मारला. सहा महिन्यांची, तात्पुरती. शाळा काही बदलली नाही. त्यावर मी भांडलो, पण जमलं नाही.

म्हणजे २१ तारखेपासून आठवडाभर ती लॉंग माउंटनला बसंतीमावशीकडे राहते आणि शनिवार-रविवार घरी. इथल्या सात मुलांना मीच बघतो. दोन आताच यायची बंद झाली. त्यांना जमुनाबाई हव्यात, म्हातारा नको.

काल रविवारी ती पिशवी भरत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी मुलाखतीत मी तुझी चूक सांगायला नको होती." ती म्हणाली, "चूक होती ना?" मी म्हणालो, "होती." ती म्हणाली, "मग?" आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटची साडी पिशवीत ठेवून म्हणाली, "बाबा, एवढी वर्षं तुम्ही मला एकदाही बरोबर म्हणाला नाहीत. चुका मला पाठ आहेत." मी तिला शिकवलं, आणि ती शिकली हे पाहिलंच नाही. तुला हे लिहितोय, कारण तिच्यासमोर मला एवढं बोलता आलं नाही.

तुला आता बोलावत नाही. काम संपव. यावंसं वाटेल तेव्हा ये.

आज सकाळी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. पिशवी मी उचलली होती, ती तिनं माझ्या हातून घेतली. बस सुटली तेव्हा मी हात हलवला. तिनं पाहिलं नाही. ती खिडकीशी बसून मुलांच्या हजेरीची वही उघडत होती.

राधाकृष्ण काका